रेषेत आणि अंतरात : व्हेक्टर चित्रातली नेमकी मांडणी

मागच्या व्याख्यानात आपण पाथ आणि नोड पाहिले. एखादा आकार काढायचा कसा, ते आता तुमच्या हाताला थोडंफार बसलं असेल. आज प्रश्न पुढचा आहे. आकार काढून झाले, पण ते ठेवायचे कुठे? एका रेषेत कसे आणायचे? दोघांमधलं अंतर सारखं कसं राखायचं? ऐकायला हे किरकोळ वाटतं. ‘थोडं इकडे, थोडं तिकडे सरकवलं की झालं’ असं आम्हीही बरीच वर्षं म्हणत होतो. मग एका शाळेसाठी आम्ही एक पाटी केली आणि ती पूर्ण वाया गेली. एकही आकार चुकीचा नव्हता, फक्त अंतरं चुकली होती. ती गोष्ट शेवटाकडे सांगू, कारण ती समजायला आधीचं सगळं लागणार आहे.

आपण उदाहरणं इंकस्केपमधली घेऊ. ते मोफत आहे, कुणालाही उतरवून घेता येतं आणि त्याची मूळ फाइल एसव्हीजी या खुल्या प्रकारात असते. कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटर वापरत असाल तरी बिघडत नाही. बटणं वेगळ्या जागी असतील, विचार तोच आहे.

संगणकाला आकार दिसत नाही, चौकट दिसते

पहिली गोष्ट नीट लक्षात घेऊ. आपण फूल काढतो, पान काढतो, अक्षर लिहितो. जुळवणीच्या वेळी संगणक त्यातलं काही पाहत नाही. तो त्या वस्तूभोवती एक आडवी-उभी चौकट कल्पितो. वस्तूचं सगळ्यांत डावं टोक, सगळ्यांत उजवं टोक, वरचं आणि खालचं, या चार टोकांना टेकणारी ती चौकट. तिला बाउंडिंग बॉक्स म्हणतात. ‘डावीकडून एका रेषेत आणा’ असं आपण सांगितलं की संगणक या चौकटींच्या डाव्या कडा एका रेषेत आणतो. बस, तेवढंच. जुळवणीत जे काही ‘विचित्र’ घडताना दिसतं, त्यातलं बहुतेक या एका गोष्टीतून उगवतं.

आता त्यातली मेख. एसव्हीजीमध्ये स्ट्रोक, म्हणजे आकाराच्या कडेची जाड रेघ, पाथच्या बरोबर मध्यावर बसते. अर्धी जाडी आत, अर्धी बाहेर. समजा, २० मिमीचा एक चौरस आहे आणि त्याला ४ मिमी जाडीची कडा दिली. डोळ्यांना तो २४ मिमीचा दिसेल, कारण प्रत्येक बाजूला २ मिमी कडा बाहेर आली. पण त्याचा पाथ २० मिमीचाच आहे. मग चौकट कोणती धरायची, २० ची की २४ ची?

इंकस्केप दोन्ही ओळखतं. जे डोळ्यांना दिसतं त्याची चौकट ती व्हिज्युअल, आणि नुसत्या पाथची चौकट ती जॉमेट्रिक. प्रेफरन्सेसमध्ये टूल्स या भागात ही निवड असते. व्हिज्युअल निवडलेलं असेल तर कडा, धूसर केलेली सावली, सगळं चौकटीत धरलं जातं. वरच्या पट्टीत रुंदी-उंचीचे जे आकडे दिसतात तेही याच निवडीप्रमाणे बदलतात. ‘मी २० टाकले होते, हे २४ कसं दाखवतंय?’ हा प्रश्न आम्हाला प्रत्येक कार्यशाळेत ऐकू येतो. त्याचं उत्तर इथे आहे.

आता कडा असलेला तो चौरस आणि कडा नसलेला २० मिमीचा दुसरा चौरस, दोन्ही डावीकडून जुळवा. व्हिज्युअल निवडलं असेल तर दिसताना कडा जुळतील, पण पाथ एकमेकांपासून २ मिमी सरकलेले असतील. जॉमेट्रिक निवडलं तर पाथ जुळतील आणि जाड कडा २ मिमी बाहेर डोकावेल. यात बरोबर-चूक असं काही नाही. काम कशासाठी आहे ते पाहायचं. कागदावर छापायचं असेल, डोळ्यांनीच बघायचं असेल तर व्हिज्युअल. लेझरने कापायचं असेल तर जॉमेट्रिक, कारण लेझरचा किरण पाथवरून चालतो, तुम्ही पडद्यावर कडा किती जाड दाखवली त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. काम सुरू करतानाच हे ठरवावं. अर्ध्यावर बदललं तर आधीची जुळवणी एका नियमाची आणि नंतरची दुसऱ्याच नियमाची, अशी खिचडी होते.

कोणाच्या रेषेत?

गवंडी भिंत रचताना आधी दोरी ताणतो. दोन टोकं पक्की करतो आणि मग प्रत्येक वीट त्या दोरीला लावतो. विटेला वीट बघून लावत गेला तर भिंत वाकडी जाणारच. आपल्याकडेही जुळवणीचं बटण दाबण्याआधी दोरी कुठे ताणली आहे ते पाहावं लागतं.

शिफ्ट-कंट्रोल-ए दाबलं की अलाइन अँड डिस्ट्रिब्यूटचा फलक उघडतो. त्यात ‘रिलेटिव्ह टू’ अशी एक यादी आहे. तीच आपली दोरी. शेवटी निवडलेली वस्तू, आधी निवडलेली वस्तू, सगळ्यांत मोठी, सगळ्यांत छोटी, पान, संपूर्ण चित्र किंवा निवडलेल्या वस्तूंनी व्यापलेली जागा, यातलं काय स्थिर धरायचं ते इथे सांगायचं. जे स्थिर धरलं ते हलत नाही, बाकीचं त्याच्याकडे येतं.

यात दोन खड्डे आहेत. पहिला असा : आपण माउसने घेर टाकून दहा वस्तू एकदम निवडतो आणि ‘शेवटी निवडलेली’ या सेटिंगवर बटण दाबतो. घेर टाकल्यावर शेवटची कोणती हे आपण ठरवलेलंच नसतं. मग भलतीच वस्तू स्थिर राहते आणि आपली नीट ठेवलेली वस्तू जागची हलते. घेर टाकणार असाल तर ‘सगळ्यांत मोठी’ किंवा ‘पान’ धरा. नाहीतर शिफ्ट दाबून एकेक निवडा, आणि जी हलायला नको ती शेवटी.

दुसरा खड्डा जास्त घाबरवणारा. एक चित्र बारा तुकड्यांचं आहे. ते पानाच्या मधोमध आणायचं म्हणून सगळं निवडलं, ‘पान’ धरलं आणि मध्य जुळवा म्हटलं. बाराही तुकडे धावत येऊन पानाच्या मध्यावर एकमेकांच्या डोक्यावर चढले! संगणकाचं काही चुकलं नाही. तुम्ही प्रत्येक तुकड्याला मध्यावर बोलावलंत, तो आला. संपूर्ण चित्र एकसंध हलायला हवं असेल तर आधी कंट्रोल-जीने गट करायचा, किंवा त्याच फलकावरचं ‘निवड गटासारखी माना’ हे बटण दाबून ठेवायचं. काम झालं की ते आठवणीने सोडायचं, नाहीतर पुढच्या वेळी काहीच जुळत नाही म्हणून तुम्ही डोकं धरून बसाल.

जाता जाता एक छोटी गोष्ट. ‘उभ्या अक्षावर मध्य’ या नावाचं बटण वस्तूंना आडवं सरकवतं. नाव वाचून उलटं वाटतं. पण विचार करा, सगळ्यांचे मध्य एका उभ्या रेषेवर यायचे तर वस्तू डावी-उजवीकडेच सरकायला हव्यात. नावापेक्षा बटणावरचं चित्र पाहायची सवय लावा.

अंतर सारखं, म्हणजे नक्की काय सारखं?

आता आजचा मुख्य भाग. जुळवणी म्हणजे सगळे एका रेषेत. वाटणी म्हणजे त्यांच्यातलं अंतर. ‘सारखं अंतर ठेवा’ असं आपण सहज म्हणतो, पण त्याचे अर्थ दोन. एक, दोन वस्तूंच्या मधली मोकळी जागा सारखी. दुसरा, एका वस्तूच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचं अंतर सारखं. सगळ्या वस्तू एकाच मापाच्या असतील तर दोन्हीत फरक पडत नाही. मापं वेगळी झाली की पडतो. आकडे घेऊनच पाहू.

४८० मिमी रुंदीची पाटी आहे. तीवर पाच चिन्हं बसवायची आहेत. त्यांच्या रुंद्या ४०, ६०, ९०, ६० आणि ५० मिमी. बेरीज ३००. म्हणजे मोकळी जागा उरली १८० मिमी. दोन्ही कडांनाही तेवढीच जागा सोडायची असेल तर एकूण मोकळ्या जागा सहा : पाच वस्तूंमध्ये चार आणि कडेच्या दोन. १८० भागिले ६, म्हणजे प्रत्येकी ३० मिमी. कडा मोजायच्या नसतील तर पाच वस्तूंमध्ये चारच अंतरं असतात. कुंपणाचे खांब आणि त्यांच्यामधले गाळे यांचं शाळेतलं गणित आठवा, इथे तेच आहे.

हे करायचं कसं? पहिल्या चिन्हाचा एक्स ३० ठेवा. शेवटचं ५० मिमी रुंद आहे आणि त्याची उजवी कडा ४५० वर यायला हवी, म्हणून त्याचा एक्स ४००. आता पाचही निवडा आणि ‘आडवी अंतरं समान करा’ दाबा. दोन टोकांची चिन्हं जागची हलणार नाहीत. मधली तीन सरकतील आणि प्रत्येक अंतर ३० मिमी होईल.

आता चुकून दुसरं बटण दाबलं, ‘मध्य समान अंतरावर’, तर? टोकाच्या दोन वस्तूंच्या मध्यांमधलं अंतर ३७५ मिमी आहे. त्याचे चार भाग, प्रत्येकी ९३.७५. मध्य अगदी समान अंतरावर येतात. पण मोकळ्या जागा मोजा : ४३.७५, १८.७५, १८.७५ आणि ३८.७५. मधलं रुंद चिन्ह शेजाऱ्यांना खेटून बसलेलं आणि टोकाची दोन एकटी पडलेली. बेरीज पाहा, १२० च आहे. जागा तेवढीच, वाटणी वेगळी.

मग ‘मध्य समान’ हे बटण कधी वापरायचं? जिथे वस्तूपेक्षा तिचा बिंदू महत्त्वाचा असतो तिथे. भिंतीवर खुंट्या ठोकायच्या आहेत, भोकं पाडायची आहेत, घड्याळाच्या तबकडीवर आकडे ठेवायचे आहेत. १ चा आकडा बारीक आणि १२ चा रुंद असला तरी त्यांचे मध्य नियमाने हवेत. कडा समान अंतरावर आणायची बटणंही आहेत. एखाद्या यादीतल्या ओळींची सुरुवात ठरावीक टप्प्यांवर हवी असेल तेव्हा ती कामाला येतात.

यातून कामाची एक सवय लागते. समजा, एकाखाली एक वीस लेबलं लावायची आहेत. पहिल्यावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं असं अंदाजाने लावत गेलात आणि प्रत्येक वेळी ०.२ मिमी जास्त गेलं. डोळ्यांना ते दिसणार नाही. पण एकोणीस अंतरांत मिळून ३.८ मिमी झालं आणि शेवटचं लेबल कापण्याच्या रेषेबाहेर गेलं. चूक साठत जाते. त्याऐवजी पहिलं आणि शेवटचं आकडे टाकून पक्कं करा आणि मधली वाटणी यंत्रावर सोडा. मग साठायला चूक उरतच नाही. हीच गवंड्याची दोरी.

ठिपक्यांचा कागद

रांगोळी काढताना ठिपके सारखे पडावेत म्हणून घरोघरी भोकं पाडलेला कागद असायचा. उदबत्तीने रेषेत भोकं पाडायची, कागद जमिनीवर ठेवून वरून रांगोळी पसरायची, कागद उचलला की खाली ठिपके तयार. ग्रिड आणि स्नॅप म्हणजे हेच. ग्रिड हा तो कागद. आणि स्नॅप म्हणजे चिमूट भोकातच पडेल अशी केलेली सोय.

ग्रिड कामाच्या मापाचं घ्यावं. मिमीत काम करत असाल तर ग्रिडही मिमीत. पिक्सेलचं ग्रिड ठेवून मिमीत काम केलंत की आकडे कधी पूर्ण येत नाहीत, कारण १ इंचात ९६ पिक्सेल आणि २५.४ मिमी. एक पिक्सेल म्हणजे साधारण ०.२६५ मिमी. इंकस्केपच्या ०.९२ आवृत्तीच्या आधी १ इंचात ९० पिक्सेल धरले जायचे. म्हणून फार जुनी फाइल उघडली तर मापं एकदा तपासून घ्यावीत.

बाणांच्या कळांचंही तसंच. मूळ सेटिंगमध्ये एकदा बाण दाबला की वस्तू २ पिक्सेल सरकते, म्हणजे ०.५३ मिमी. शिफ्ट धरला तर दहापट. आम्ही प्रेफरन्सेसमध्ये हा टप्पा १ मिमी करून ठेवतो. मग ‘पाच वेळा दाबलं’ म्हणजे पाच मिमी, मोजायला पट्टी लागत नाही.

देवनागरीची शिरोरेघ

इंग्रजी अक्षरं खालच्या रेषेवर उभी राहतात. आपली अक्षरं वरच्या रेघेला लटकतात. जुळवणीच्या वेळी हा फरक चांगलाच अडचणीत आणतो.

किराणा दुकानासाठी चार पाट्या शेजारीशेजारी करायच्या आहेत : हळद, पाणी, मीठ, तूर. चारही शब्द वेगवेगळे टाइप केले, निवडले आणि वरच्या कडा जुळवल्या. ‘हळद’च्या वर काही नाही, तिची चौकट शिरोरेघेपाशी संपते. ‘पाणी’ आणि ‘मीठ’ यांच्या वर वेलांटीची कमान आहे, म्हणून त्यांची चौकट उंच. वरच्या कडा जुळल्या, पण ‘पाणी’ची शिरोरेघ ‘हळद’च्या खाली गेली. बरं, खालच्या कडा जुळवू म्हणाल, तर ‘तूर’चा दीर्घ ऊकार खाली लोंबतोय, त्यामुळे अख्खा शब्द वर उचलला जातो. मध्य जुळवले तर काहीच कशाला लागत नाही. आपल्या मराठी डोळ्याला शिरोरेघेतली पायरी लगेच खुपते, ती का खुपली ते सांगता आलं नाही तरी.

उपाय सोपा आहे. त्याच फलकात मजकुराची बेसलाइन जुळवायची वेगळी बटणं आहेत. ती चौकट पाहत नाहीत, टाइप करताना मजकूर ज्या अदृश्य रेषेवर बसवला होता ती रेषा पाहतात. फॉन्ट आणि त्याचं माप एकच असेल तर बेसलाइनपासून शिरोरेघ नेहमी तेवढ्याच उंचीवर असते. म्हणून बेसलाइन जुळली की शिरोरेघही जुळते. मापं वेगळी असतील, म्हणजे एक शब्द मोठा आणि एक लहान, तर हे चालणार नाही. तेव्हा पट्टीतून एक आडवी मार्गदर्शक रेघ ओढायची आणि प्रत्येक शब्दाची शिरोरेघ तिला हाताने लावायची.

आणि एक सावधगिरी. छापखान्यात फॉन्ट नसेल या भीतीने आपण मजकुराचा पाथ करून पाठवतो. करावाच. पण पाथ केला की तो मजकूर राहत नाही, त्याची बेसलाइन हरवते. म्हणून आधी जुळवणी, मग पाथ.

आकडा बरोबर, डोळा नाराज

कधीकधी सगळे आकडे बरोबर असतात आणि तरी चित्र चुकीचं दिसतं. व्हिडिओवरचं प्लेचं चिन्ह घ्या, वर्तुळात त्रिकोण. दोघांचे मध्य जुळवले तर त्रिकोण डावीकडे झुकलेला दिसतो. कारण त्याच्या चौकटीचा मध्य रुंदीच्या अर्ध्यावर आहे, पण त्रिकोणाचं वजन पायाकडे, म्हणजे पायापासून एक-तृतीयांश अंतरावर. अर्ध्यातून तिसरा हिस्सा वजा केला की सहावा हिस्सा उरतो. त्रिकोण ३० मिमी रुंद असेल तर तो टोकाच्या दिशेला ५ मिमी सरकवला की त्याचं वजन वर्तुळाच्या मध्यावर येतं. आम्ही आधी बटणाने मध्य जुळवतो, मग एवढं मोजून सरकवतो आणि शेवटचा निकाल डोळ्यावर सोडतो. मूळ जागा पक्की माहीत असली की डोळ्याला किती सूट दिली तेही कळतं.

आमची वाया गेलेली पाटी

आता ती गोष्ट. एका शाळेच्या वाचनालयात दृष्टिहीन मुलंही यायची. कपाटांवर ब्रेलमध्ये पाट्या हव्या होत्या. ॲक्रिलिकच्या पट्टीत लेझरने बारीक भोकं पाडायची आणि त्यांत मणी बसवायचे, असं ठरलं. आम्ही इंकस्केपमध्ये ठिपके काढले.

ब्रेलचं एक घर म्हणजे सहा ठिपक्यांची जागा. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन. आपल्याकडे १९५१ मध्ये ठरलेलं भारती ब्रेल मराठीसाठीही वापरलं जातं. पाट्यांसाठी सर्रास वापरलं जाणारं एक माप असं : घरातल्या दोन शेजारच्या ठिपक्यांच्या मध्यांमध्ये २.५ मिमी, एका घरापासून पुढच्या घरापर्यंत ६ मिमी, आणि दोन ओळींमध्ये १० मिमी. म्हणजे घरातलं आडवं अंतर २.५ मिमी, आणि एका घराच्या उजव्या ओळीपासून पुढच्या घराच्या डाव्या ओळीपर्यंत ३.५ मिमी. फरक फक्त १ मिमीचा.

आम्ही पडद्यावर पाहिलं. ठिपके विषम अंतरावर दिसत होते. कुठे जवळ, कुठे लांब. आमच्यातल्या एकाने व्यवस्थितपणा म्हणून एकेक आडवी रांग निवडली आणि ‘अंतरं समान करा’ दाबलं. पडद्यावर काय सुरेख दिसलं! मोत्यांच्या सरी जणू. पाटी कापली, मणी बसवले, घेऊन गेलो. सातवीतली एक मुलगी आली, तिने बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. म्हणाली, “दादा, इथे ठिपके आहेत, अक्षरं नाहीत.”

काय झालं होतं? भारती ब्रेलमध्ये वरच्या डाव्या कोपऱ्यातला एकच ठिपका म्हणजे ‘अ’. वरच्या रांगेतले दोन ठिपके, २.५ मिमीवर, म्हणजे ‘च’. तेच दोन ठिपके ६ मिमीवर असतील तर ते दोन घरांतले दोन ‘अ’. ठिपके तेच, उंची तीच. अक्षर बदलतं ते फक्त अंतरामुळे. आम्ही सगळी अंतरं समान केली, म्हणजे कुठलं घर कुठे संपतं हेच पुसून टाकलं. शब्दांतल्या जागा काढून टाकल्या तर डोळस माणूस अडखळत का होईना वाचेल. इथे अक्षरच उरलं नव्हतं.

दुसऱ्यांदा करताना शहाणे झालो. ठिपके ठिपक्यांशी जुळवायचे नाहीत, घरं घरांशी जुळवायची. प्रत्येक घराचा एक गट केला आणि गटांचे मध्य समान अंतरावर ठेवले. तरी चुकलं! का, ते तुम्ही आता सांगू शकाल. ‘अ’मध्ये एकच ठिपका, त्याची चौकट ठिपक्याएवढी. ‘च’ची चौकट दोन ठिपक्यांएवढी रुंद. घरं एकाच मापाची, पण संगणकाला दिसणाऱ्या चौकटी वेगवेगळ्या. मध्य जुळले, घरं सरकली. मग आम्ही प्रत्येक गटात संपूर्ण घराच्या मापाचा एक फिकट आयत टाकला. ठिपके कितीही असोत, चौकट आता एकच. पहिलं घर पक्कं केलं, शेवटचं मोजून ठेवलं, मधली वाटून घेतली. अर्ध्या मिमीच्या ग्रिडवर तपासलं. कापायला देण्याआधी ते आयत काढून टाकले.

पाटी पुन्हा नेली. त्याच मुलीने बोट फिरवलं आणि लगेच म्हणाली, “यातली एक वेलांटी चुकलीय.” खरंच चुकली होती. आमच्या कामाला इतकी चांगली पावती क्वचितच मिळाली असेल. चूक सापडली, म्हणजे पाटी वाचता येत होती.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*अंतर समान नको, ठरावीक हवं असेल, समजा बरोबर ५ मिमी, तर?*

त्याच अलाइन अँड डिस्ट्रिब्यूटच्या फलकात ग्रिड हा भाग आहे; जुन्या आवृत्त्यांत तो ऑब्जेक्ट मेनूत अरेंज या नावाने होता. त्यात रांगा आणि स्तंभ किती ते सांगा आणि आडवं-उभं अंतर आकड्यात द्या. एकच रांग हवी असेल तर रांगांच्या जागी १. ओव्हरलॅप काढण्याच्या बटणाशेजारीही अंतराचे रकाने आहेत, पण ते फक्त एकमेकांना खेटलेल्या वस्तू दूर करायला. सगळ्यांचं अंतर ठरवायला ते वापरू नका.

*आमच्या डीटीपीच्या दुकानात कोरलड्रॉ आहे. तिथे हेच चालेल?*

चालेल. तिथे शेवटी निवडलेली वस्तू स्थिर राहते आणि एल, आर, टी, बी या कळांनी डावी, उजवी, वरची, खालची कड जुळते. शिरोरेघेची अडचण तिथेही पाहायला विसरू नका.

*शेवटी भरवसा आकड्यावर ठेवायचा की डोळ्यावर?*

वाचणार कोण आहे ते पाहा. डोळा वाचणार असेल तर आकड्यापासून सुरुवात करून डोळ्याला थोडी सूट द्या. यंत्र वाचणार असेल, म्हणजे लेझर किंवा कटर, तर पाथचा आकडा. आणि बोट वाचणार असेल तर आकडा, आणि त्यानंतर ज्याचं ते बोट आहे त्या माणसाकडून एकदा वाचून घेणं. आमचा एक ॲक्रिलिकचा पत्रा आणि दोन दिवस हे शिकण्यात गेले. तुम्ही घरी आजच वेगवेगळ्या रुंदीचे पाच आयत काढा, आधी अंतरं समान करा, मग मध्य समान करा, आणि दोन्ही वेळा मोकळ्या जागा मोजून वहीत लिहा. पुढच्या वेळी येताना ती वही घेऊन या. तिथूनच सुरू करू.